मोडांच्या पाण्याची झाडाझडती

धान्याला मोड आणून घरी आंबट पेय करण्याच्या दोन रीती मराठी घरांत आज शेजारी शेजारी दिसतात. एक बाहेरून आलेली आहे. गहू रात्रभर भिजवतात, फडक्यात बांधून त्याला मोड आणतात, ते मोड बरणीत तिप्पट पाण्यात बुडवून दोन दिवस ठेवतात आणि गढूळ, आंबूस झालेले पाणी गाळून न उकळता पितात. याला ‘रिजुव्हेलॅक’ म्हणतात. अमेरिकेत बोस्टन येथे हिपोक्रॅटिस हेल्थ इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या अ‍ॅन विग्मोर (१९०९–१९९४) यांनी ते प्रचारात आणले. गव्हांकुरांच्या रसाचे वेडही मुख्यतः त्यांच्याच प्रचाराचे फळ. दुसरी रीत आंबिलीची. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करायचे, ते पिठाबरोबर शिजवायचे, ताकाने आंबवायचे आणि मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालून प्यायचे. घरोघरी क्रम बदलतो. कुठे पीठ आधी आंबवून मग शिजवतात, कुठे शिजवून मग ताक घालतात, कुठे मोडांशिवायच भागवतात. चूल मात्र कुठेच चुकत नाही.

पहिल्या रीतीचे समर्थक दुसरीला कमी लेखतात, आणि वाद आहे तो इथे. त्यांचे म्हणणे असे की मोडांचे पाणी ‘जिवंत’ असते, त्यातली एन्झाइम पोटात जाऊन पचन सुधारतात, शाकाहाऱ्यांना न मिळणारे बी-१२ जीवनसत्त्व त्यात तयार होते, आच लागली की हे सगळे मरते म्हणून ते कच्चेच प्यावे, आणि आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. यातल्या प्रत्येक विधानात सत्याचा एकेक दाणा आहे. पण तो भलत्याच जागी पेरलेला आहे. मोडांचा गुण खरा आहे. तो बरणीतल्या पाण्यात नसून शिजलेल्या पिठाच्या भांड्यात दिसतो.

दाणा भिजला की आतला अंकुर जागा होतो आणि जिबरेलिन नावाचे संप्रेरक सोडतो. ते सालीखालच्या पातळ थरापर्यंत पोचले की तो थर अल्फा-अमायलेज हे एन्झाइम बनवू लागतो. अंकुराला वाढायला साखर हवी असते, दाण्यात साठवलेला असतो स्टार्च. अमायलेज त्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून माल्टोज ही साखर मोकळी करते. सोबत प्रथिने फोडणारी एन्झाइम येतात आणि फायटेजही येते, जे फायटिक आम्लात अडकलेले लोह आणि कॅल्शियम सुटे करू लागते. हा कारभार अंकुराच्या सोयीचा आहे. माणूस मध्ये पडतो तो योग्य वेळी दाणा वाळवून. एन्झाइम तयार झालेली असावीत, पण अंकुराने सगळा साठा खाल्लेला नसावा, अशा बेताला मोड थांबवले की त्याला माल्ट म्हणतात. बिअरच्या कारखान्यात जवाचे जे करतात तेच नाचणी सत्त्व करणारी बाई गच्चीवर चादर पसरून करते.

मोड सगळीकडे पेयासाठीच आणत नसत. करावे गावाला मोडांची ओळख निराळ्या वाटेने होती. नवी मुंबईत नेरूळच्या खाडीकाठाला पाम बीच रस्ता आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ यांच्या सोबतीने असलेले हे आगरी-कोळ्यांचे गाव. सीवूड्स स्थानकाच्या नावात आता दारावेबरोबर करावेही आले आहे. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि जमिनी संपादित होत गेल्या. त्याआधी या पट्ट्यातला संसार भात, मीठ आणि मासळी यांवर चाले. ठाणे-रायगडच्या खारजमिनीत भात लावायची ‘रहू’ नावाची पद्धत आहे, तिच्यात साळ भिजवून, मोड आणून थेट चिखलात फेकतात. म्हणजे मोड शेतात जात, भांड्यात नाही. भांड्यात तांदळाची पेज असे. नाचणी इथली नव्हे, ती वरकस जमिनीवर होते, घाटाच्या पायथ्याकडे. त्यामुळे आंबील ही करावेची परंपरागत वस्तू म्हणून दाखवण्याचा मोह टाळलेला बरा. पण आज गावठाणातली घरे आणि पलीकडचे टॉवर एकाच किराणा दुकानातून नाचणी घेतात, आणि कच्च्या मोडांचे पाणी करायला बसतात ते त्याच दमट हवेत. ही हवा वादात महत्त्वाची साक्षीदार आहे. तिची साक्ष पुढे येईल.

आधी एन्झाइमचा दावा. तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, दोन पातेली पुरतात. दोन्हींत एक लिटर पाण्याला शंभर ग्रॅम या हिशेबाने नाचणीचे साधे पीठ कालवून गाठी न होऊ देता शिजवावे. दोन्हींकडे सारखीच लापशी होते, थोडी निवली की चमचा उभा राहील इतकी घट्ट. आता एका पातेल्यात, बोट जेमतेम टेकवता येईल इतपत ती गरम असताना, मोडांच्या नाचणीचे पीठ दोन चमचे भुरभुरून ढवळावे. दोन-तीन मिनिटांत डाव हलका फिरू लागतो. पाच-सात मिनिटांत लापशी पळीवाढी होते आणि चाखली तर जिभेला पुसटशी गोडी लागते. पाणी थेंबभर वाढवलेले नसते. दुसरे पातेले तसेच राहते, आणि त्यात कच्च्या मोडांचे पाणी पेलाभर ओतले तरी ते मुख्यतः पेलाभर पाण्यानेच पातळ होते.

मोडांच्या एन्झाइमचे खरे सामर्थ्य हे आहे, आणि ते दिसायला दोन गोष्टी लागतात. स्टार्च शिजलेला हवा, कारण कच्च्या पिठातला स्टार्च घट्ट कणांत बंद असतो आणि अमायलेजचा त्यात फारसा शिरकाव होत नाही. आणि उष्णता बेताची हवी. साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसमध्ये अमायलेज झपाट्याने काम करते, ८० च्या पुढे ते निकामी होऊ लागते. ‘आच लागली की एन्झाइम मरते’ हे विधान त्यामुळे अर्धेच खरे. उकळत्या लापशीत मोडांचे पीठ टाकले तर मरते. निवत्या लापशीत टाकले तर मरण्यापूर्वी सगळे काम उरकते, आणि काम झाल्यावर त्याच्या मरणाचे कुणाला सुतक नाही.

या गुणाचा उपयोग भारतात संशोधकांनी फार पूर्वी करून दाखवला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोडांच्या धान्याच्या पिठावर काम केले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एन. जी. मल्लेशी आणि एच. एस. आर. देसिकाचार यांनी नाचणीच्या माल्टवर. प्रश्न बाळांचा होता. वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाचे पोट लहान. घट्ट लापशी त्याला गिळवत नाही आणि पातळ केली तर पोटात जाते ते बहुतेक पाणी. मोडांचे चिमूटभर पीठ घातले की तेवढ्याच वाटीत दाट पिठाची ताकद राहते आणि घास मात्र पातळ होतो. टांझानियात ‘तोग्वा’ नावाचे पेय याच तत्त्वावर आहे: ज्वारी-मक्याची शिजवलेली लापशी, त्यात मोडांचे पीठ, मग आंबवणे. तिथल्या लहान मुलांतील जुलाबांवर अशा आंबवलेल्या लापशीचा काय परिणाम होतो याचा अभ्यास १९९० च्या दशकात झाला आणि जुलाबांचे प्रमाण कमी आढळले. शिजवलेल्या, आंबवलेल्या मोडांच्या पेयामागे हा पुरावा आहे. कच्च्या पाण्यामागे याच्या जवळपासचाही नाही.

आता गिळलेल्या एन्झाइमचे काय होते ते पाहू. एन्झाइम हे प्रथिन असते. जठरातले आम्ल आणि पेप्सिन त्याला डाळीतल्या प्रथिनासारखेच वागवतात, म्हणजे तोडतात. स्टार्च पचवायला लागणारे अमायलेज लाळेत आणि स्वादुपिंडात शरीर स्वतः तयार करते, आणि निरोगी माणसात ते कमी पडत नाही. बरणीत धान्यातून पाण्यात उतरते ते थोडी साखर, थोडी अमिनो आम्ले, काही ब-जीवनसत्त्वे आणि आंबवणारे जिवाणू. प्रथिने, तंतू, खनिजे यांचा मोठा वाटा मोडांतच राहतो, आणि कृती सांगते की पाणी गाळून घेतल्यावर त्या मोडांवर पुन्हा पाणी घाला, तेही झाले की टाकून द्या. जे खायचे ते टाकायचे आणि जे टाकून चालले असते ते प्यायचे, असा हा उफराटा व्यवहार आहे.

बी-१२ च्या दाव्याकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे, कारण त्यावर विसंबणारा माणूस खरोखर नुकसान करून घेतो. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात काही ठराविक जिवाणू. धान्याच्या पाण्यात वाढणारे ल्युकोनॉस्टॉक आणि लॅक्टोबॅसिलस कुळातले नेहमीचे जिवाणू त्यांत धरता येत नाहीत, आणि योगायोगाने एखादा तसा जिवाणू बरणीत शिरलाच तरी तो किती बनवेल, बनवलेले शरीराला वापरता येईल की नाही, याची हमी नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या गर्भवतींच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी आढळले होते. ज्या राज्यात ही कमतरता इतकी पसरलेली आहे तिथे गव्हाचे आंबलेले पाणी हा तिच्यावरचा उतारा म्हणून सांगणे बेजबाबदारपणाचे आहे. बधिरलेल्या बोटांनी पाण्याचा पेला उचलत राहण्यापेक्षा रक्ततपासणी आणि डॉक्टरने दिलेली गोळी किंवा इंजेक्शन स्वस्तही पडते. करावेतल्या कोळ्याच्या ताटातला जवळा आणि बोंबील हे काम कसलाही गाजावाजा न करता करत आलेले आहेत.

विग्मोर यांचे दावे त्यांच्या हयातीतच न्यायालयापर्यंत गेले होते. त्यांच्या उपचारपद्धतीने मधुमेहींची इन्सुलिनची गरज कमी होते किंवा संपते, अशा प्रचाराबद्दल मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅटर्नी जनरलनी १९८२ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. १९८८ मध्ये एड्ससंबंधीच्या प्रचारावरून पुन्हा. मराठीत हे पेय येताना त्याची कृती आली, हा इतिहास वाटेत गळला. शरीरातली ‘विषे बाहेर काढण्या’विषयी वेगळे लिहायचे कारण नाही: कुठले विष, हे सांगितल्याशिवाय त्या दाव्याला उत्तर नसते, आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

कच्चेपणाचा आग्रह हा या वादाचा सगळ्यात धोकादायक भाग. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच रोगजंतूंनाही मानवते. बियाण्याच्या सालीच्या चिरेत दडलेले थोडेसे जंतू दोन दिवसांत लाखोपट होऊ शकतात. १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ई. कोलाय ओ-१५७ ची साथ पसरली, हजारो मुले आजारी पडली आणि संशय मुळ्याच्या कच्च्या मोडांवर आला. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायच्याच दुसऱ्या जातीची साथ आली. सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. यावर समर्थकांचे उत्तर असते की मटकीचे मोड आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, काय झाले? झाले नाही, कारण मटकीची उसळ होते. ती फोडणीत पडते, शिजते, तिच्यावर मिसळीचा कट येतो. वाटीभर कच्चे मोड कोशिंबिरीत पडतात तेही ताजे. दोन दिवस उबदार पाण्यात मुरवून त्यांचे पाणी पिण्याची रीत या मुलखात नाही.

आंबटपणाच जंतूंना मारतो, हे दुसरे उत्तर. ते बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण वेळेचा हिशेब धरून. सामू चारच्या आसपास उतरला की बहुतेक रोगजंतूंची वाढ खुंटते. तिथवर पोचेपर्यंतचे तास मात्र त्यांना मोकळे असतात. कच्च्या बरणीत लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू नशिबाने येतात, विरजणासारखे मुद्दाम आणि भरपूर घातले जात नाहीत. शिवाय ओ-१५७ हा आम्ल सहन करणारा जंतू आहे.

करावेची हवा इथे साक्षीला येते. बोस्टनच्या घरात २०-२२ अंशांना बसवलेली दोन दिवसांची कृती खाडीकाठी मे महिन्यात जशीच्या तशी चालत नाही. तिथे घरातला पारा तिशीच्या पुढेच असतो, आणि पावसाळ्यात गव्हाचे गाठोडे सकाळी बांधले तर दुसऱ्या संध्याकाळी त्याला कुबट वास येऊ लागतो, मोडांच्या बुडख्याशी पांढरी बुरशी धरते आणि तिला मुळांची लव समजून लोक पुढे जातात. (मुळांची लव पाण्याने धुतली की चिकटून बसते, बुरशी गोळा होऊन निघते, ओळखायची असेल तर ही खूण बरी.) बरणीतले पाणी दोन दिवसांत आंबट व्हायचे ते एका दिवसात होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला तार धरते. नळाच्या पाण्याचा मुद्दा उलट्या अंगाने येतो. मोरबे धरणाचे पाणी शुद्ध करून, क्लोरिन घालून घरी येते ते चांगलेच, पण आंबवणाऱ्या जिवाणूंनाही क्लोरिन थोडे रोखते. उकळून निववलेले पाणी वापरले तर क्लोरिन उडते. गंमत अशी, की जे पाणी आधी उकळून घ्यायला समर्थकही तयार असतात त्यातल्या मोडांना मात्र आचेचा स्पर्श नको असतो.

‘कोणतेही धान्य चालेल’ या त्यांच्या वाक्याला महाराष्ट्रात तर सक्त हरकत घ्यायला हवी. ज्वारीच्या अंकुरात धुरिन नावाचे द्रव्य असते आणि ते फुटले की हायड्रोजन सायनाइड सुटते. कोवळी ज्वारी चरून गुरे मरतात हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. आफ्रिकेत ज्वारीचे माल्ट करणारे लोक वाळलेले अंकुर-मुळे चोळून काढून टाकतात आणि पीठ शिजवतात. ज्वारीचे मोड कच्चे मुरवून पाणी पिणे म्हणजे दोन्ही बचाव सोडून देणे. नाचणीत हा धोका नाही. पेरणीसाठी मिळणारे बियाणे मात्र कुठल्याच धान्याचे घेऊ नये; त्याला बुरशीनाशक चोळलेले असते आणि बहुधा लाल-गुलाबी रंगही दिलेला असतो.

पूर्वजांचा दाखला उरला. तो द्यायचा तर नीट द्यावा, कारण मोडांच्या पेयाचा भारतातला जुना आणि तपशीलवार उल्लेख खरोखर उपलब्ध आहे. सौत्रामणी यागासाठी सुरा करण्याची कृती शतपथ ब्राह्मणात आणि कात्यायन श्रौतसूत्रात येते, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीही धर्मशास्त्राच्या इतिहासात या यागाचा परामर्श घेतला आहे. सुरेच्या सामग्रीत शष्प म्हणजे मोड आलेली साळ, तोक्म म्हणजे मोड आलेले जव, लाह्या आणि नग्नहू हे किण्व असते. तांदूळ आणि श्यामाक म्हणजे सावा यांचा भात शिजवून त्यात या सगळ्याचे चूर्ण मिसळतात आणि तीन रात्री ठेवतात. शिजलेल्या धान्यात मोडांचे चूर्ण: बडोद्याच्या प्रयोगशाळेतही पातेल्यात हेच होते. ऋत्विजांना अमायलेज ठाऊक नव्हते, क्रम मात्र अचूक ठाऊक होता. मोड पाण्यात भिजवून नुसते पाणी पिण्याची कल्पना त्यात नाही.

आयुर्वेदातल्या सौवीर, तुषोदक, आरनाल, धान्याम्ल यांचा आधारही घेतला जातो. त्यांतली काही कच्च्या धान्याची आहेत, हे मान्य करायला हवे. आरनाल कोंडा काढलेल्या कच्च्या गव्हाचे सांगितले आहे. पण त्या कृतीत मोड नाहीत, आणि ही द्रव्ये वैद्याच्या हातची आहेत, बेताने पोटात देण्याची किंवा धान्याम्लासारखी अंगावर धार धरण्याचीही. रोज उठून पेलाभर पिण्याचे ते पेय नव्हे. लोकांनी रोजचे म्हणून ठेवले ते आंबिलीला. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीची आंबील असते, कोल्हापूरला रेणुकेच्या मंदिरात मार्गशीर्षात आंबील यात्रा भरते. तिथली आंबीलही शिजलेलीच असते.

यावर एक रास्त आक्षेप आहे: आंबवून मग उकळले तर लॅक्टिक जिवाणू मरतात, मग ‘प्रोबायोटिक’ म्हणायचे कशाला? बरोबर आहे. आधी आंबवून नंतर शिजवलेल्या आंबिलीत आम्ल उरते, चव उरते, सुटी झालेली खनिजे उरतात. जिवंत जिवाणू उरत नाहीत. ज्यांना ते हवे असतील त्यांनी क्रम फिरवावा, आच सोडू नये. कृती अशी. नाचणी निवडून, तीन पाण्यांनी धुऊन बारा तास भिजवावी, मध्ये एकदा पाणी बदलावे. निथळून सुती फडक्यात सैल बांधावी. दर सहा-सात तासांनी गाठोडे धुऊन पुन्हा निथळावे. उन्हाळ्यात दीड दिवसात, थंडीत दोन दिवसांत दाण्याइतक्या लांबीचे मोड येतात. त्याहून लांबू देऊ नयेत. कडक उन्हात एका दिवसात वाळवावी. पावसाळ्यात हे काम हाती घेऊच नये, वाळत नाही आणि बुरसते. वाळल्यावर हातावर चोळून मुळ्या झाडाव्या, मंद आचेवर दाणा गरम होईल इतपतच परतावी आणि दळावी. खमंग भाजली तर चव छान लागते, एन्झाइम मात्र जाते. सत्त्व करणाऱ्या अनेक घरांत नेमके इथे चुकते आणि मग ‘सत्त्वाने काही पातळ होत नाही’ अशी तक्रार येते.

एक लिटर पाण्यात ८० ग्रॅम साधे नाचणीचे पीठ शिजवून उतरवावे. बोट टेकवता येईल इतके निवल्यावर मोडांचे पीठ १० ग्रॅम घालून झाकावे, पंधरा मिनिटे थांबावे. मग पुन्हा एक सणसणीत उकळी आणावी, कारण मोडांच्या पिठावरही दोन दिवसांचे जंतू असतात. कोमट झाले की ताज्या ताकाचे विरजण, चार मोठे चमचे, घालून ढवळावे. अमायलेजने केलेली साखर या विरजणाला आयती मिळते, म्हणून ही आंबील साध्या लापशीहून लवकर लागते. करावेच्या मे महिन्यात सहा तास पुरे, डिसेंबरात रात्रभर. विरजणाशिवाय शिजलेली लापशी तशीच बाहेर ठेवणे हा आंबिलीच्या बाजूचाही दोष आहे, तो झाकून चालणार नाही: बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळीतून वाचतात आणि गोड्या, कोमट लापशीत फोफावतात. त्यांच्यावर उपाय ताकाचा, आणि तो लवकर करण्याचा.

दुसऱ्या टोकाला एक भीती आहे, तिलाही उत्तर द्यायला हवे. मोड, आंबवणे, फेस हे शब्द ऐकले की कुणाला दारूबंदी कायदा आठवतो, कुणाला मालवणीची विषारी दारू. १९४९ च्या मुंबई, आता महाराष्ट्र, दारूबंदी कायद्यातली दारूची व्याख्या खरोखर रुंद आहे. अल्कोहोल असलेला कोणताही द्रव तिच्यात बसतो. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरती बंदी रद्द केली, पण अशी व्यापक व्याख्या करण्याचा विधिमंडळाचा अधिकार मान्य केला. अक्षरावर बोट ठेवले तर शिळी पेजही सुटायची नाही. व्यवहारात उपयोगी रेषा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ च्या नियमांत आखली आहे: ०.५ टक्क्याहून अधिक अल्कोहोल असेल ते मद्य. ताकाच्या विरजणाने काही तासांत लागलेल्या आंबिलीत लॅक्टिक जिवाणूंची सरशी असते, यीस्टला हातपाय पसरायला वेळ मिळत नाही. उलट मोडांचे कच्चे पाणी साखर घालून, बूच घट्ट लावून तीन-चार दिवस ठेवले, जसे काही जण ‘सोड्यासारखे’ व्हावे म्हणून ठेवतात, तर ती रेषा ओलांडणे अवघड नाही, आणि बाटली फुटण्याची भीती वेगळी. माल्ट उकळून, यीस्ट घालून मुद्दाम बिअर करणे हा तर परवान्याशिवाय सरळ गुन्हाच आहे. त्यात घरगुती-व्यापारी असा भेद नाही.

मालवणीची भीती मात्र अनाठायी. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे मेली ती मिथेनॉलने, आणि ते मिथेनॉल आंबवण्यातून आलेले नव्हते, कारखान्यात वापरायचे रसायन दारूत मिसळलेले होते. आंबवताना मिथेनॉल तयार होते ते फळांतल्या पेक्टिनपासून. धान्यात पेक्टिन नगण्य, आणि इथे ऊर्ध्वपातनही नाही.

गहू-जवाच्या मोडांत ग्लुटेन राहते, म्हणून सीलिअ‍ॅक रोग असलेल्यांनी त्यांचे कोणतेच पेय, कच्चे वा शिजलेले, घेऊ नये. नाचणी त्यांना चालते, पण गव्हाच्या जात्यावर दळलेली नको. मधुमेहींनी ध्यानात ठेवायचे ते असे, की मोडांच्या पिठाने लापशी पातळ होते म्हणजे स्टार्चची साखर होते. पातळ दिसते म्हणून दोन पेले जास्त घेऊ नयेत. गर्भवती, लहान बाळे आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्यासाठी कच्च्या मोडांचे पाणी वर्ज्यच समजावे. त्यांना आंबील द्यायची तर त्याच दिवशीची, आणि लसूण-मीठ बेताने. बाळाला तर मीठ नकोच.

लागलेली आंबील फ्रिजमध्ये दोन दिवस चांगली राहते. वर निवळ पाणी सुटणे हा दोष नाही, ढवळले की एकजीव होते. तार धरली, गुलाबी किंवा काळे ठिपके आले, वास ताकाचा न राहता कुजका झाला, तर चव घेऊन पाहण्याचा मोह न करता ओतून द्यावी, भांडे उकळत्या पाण्याने धुवावे आणि पुढचे विरजण ताज्या ताकाचेच लावावे.